मस्टरमधलं अक्षर

मस्टरमध्ये तीन अक्षरं चालतात.
ह म्हणजे हजर.
गै म्हणजे गैरहजर.
र म्हणजे रजा; ती वर्षाला सात,
त्यातल्या दोन गड्ड्याच्या जत्रेत जातातच.

बावीस वर्षं मी हीच अक्षरं लिहितोय
अक्कलकोट रोडच्या या टॉवेल कारखान्यात.
बाहीवर कापसाची लव बसते,
घरी गेलो की नातू ती फुंकून उडवतो.

राजमणी येमुल, टोकन चौतीस.
टॉवेलला काठ मारते.
गेल्या वर्षी रात्रपाळी सुटल्यावर
तिच्या पोराला एका मोबाइलसाठी
पोटात सुरा बसला.
पोरगा वाचला.
तिच्या सातही रजा
सिव्हिलच्या फरशीवर संपल्या.

मग तारखा सुरू झाल्या.
पहिलीला आरोपीचा वकील आजारी.
दुसरीला जजसाहेब रजेवर.
तिसरीला पंच गावी, पुतणीचं लग्न.
चौथीला पुन्हा साहेब रजेवर.
"सगळ्यांना रजा भेटते ओ," ती म्हणाली,
"आमचं पोरगं तेवढं रोज हजर."

पोरगा कोर्टात एकटा जात नाही.
जामिनावरचा तो बाहेर टपरीला टेकून उभा असतो,
शेंगा खातो, टरफलं यांच्या पायाशी टाकतो.
पोराचा हात आपोआप टाक्यांवर जातो.
आई मध्ये उभी राहते.
एवढंच काम असतं तिला तिथं,
दिवसभराचं.

रजेच्या अर्जात कारणाला बोटभर रेघ.
आजारपण मावतं, लग्न मावतं, मयत मावते.
ती पेन धरून बसली,
तेलुगूत काहीतरी पुटपुटली,
मग लिहिलं: पोटदुखी.
खोटं नव्हतं.
पोट तेवढं दुसऱ्याचं.

नियम असा, की महिन्यात चार गै झाले
की नावावर लाल रेघ.
लाल पेन माझ्याच ड्रॉवरमध्ये.
मे महिन्यात तिचे तीन झाले होते,
पत्रा तापून कडकड वाजत होता.
चौथ्या चौकटीवर पेन टेकवलं,
शाईचा ठिपका पसरायला लागला,
आणि हातानं लिहिलं: ता.

पगाराच्या दिवशी शेठनी तिथंच बोट ठेवलं.
"हे काय?"
"तारीख. कोर्टाची."
"असं अक्षर आहे का?"
"नव्हतं."
ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले, "पगार नाही मिळणार.
मशीन राहू दे तिचंच."
"लिहून द्या," मी म्हटलं.
बावीस वर्षांत त्यांना मी काही मागितलं नव्हतं;
माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

अजून लिहून दिलेलं नाही.

पण जूनमध्ये पॅकिंगची शाहिस्ता
टेबलापाशी घुटमळली.
"चाचा, ते ता... माझ्यापुढं पण लिहाल का?
बहिणीची केस आहे."
किती वर्षं?
"नऊ."
नऊ वर्षं मी तिच्यापुढं र लिहीत होतो,
कारण: ताप.
मग बॉयलरवरचा शिवलिंगप्पा आला.
मग आणखी एक बाई;
तिनं नाव सांगू नका म्हटलंय,
म्हणून इथं नाही.
मस्टर तेच होतं. माणसं तीच होती.
मीच वाचत नव्हतो.

काल अकरावी तारीख होती.
साक्ष झाली म्हणे, अर्धी.
राजमणी दुपारी तीनला आली, पदरानं मान पुसत.
तिच्या जागी बसलेली बदलीची पोर
न बोलता उठली.
स्टूल गरम होतं.
सुईत दोरा ओवताना ती दोनदा चुकली.
मी तिकडं बघितलं नाही.

मस्टर उघडलं.
आधी ता लिहिलं,
मग त्याला चिकटून ह.
चौकट लहान पडली.