सात वाट्या

पावती सापडली कपाटात, विम्याच्या कागदांखाली.
शाई उडून गेलेली.
दुकानाचं नाव नाही, तारीख नाही, आकडा नाही,
नुसता पांढरा चतकोर.
कागद विसरला.
मला मात्र तोंडपाठ :
बेचाळीस हजार.

वारज्यात, तिसऱ्या मजल्यावर,
ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशिनच्या शेजारी
नऊ वर्षं बसून होती ती विजेची भट्टी,
अंगावर जुनी चादर घेऊन,
लग्नाला येऊन परत न गेलेल्या पाहुणीसारखी.

लावली की खालच्या खासनिसांचे दिवे मंद व्हायचे.
ते जिन्यातूनच विचारायचे,
"वहिनी, भाजताय का?"

सात वाट्या निघाल्या तिच्यातून.
दुधाच्या वहीत, मागच्या पानावर,
मी भागाकार केला होता :
वाटी सहा हजारांना एक.
थ्री फेजचे अकरा हजार धरलेच नाहीत.
धरले असते तर कोशिंबीर घशाखाली उतरली नसती.

एक वाटी नळाखाली फुटली
तेव्हा तुकड्यांकडे बघून मी मोठ्यानं म्हणाले,
"सहा हजार."
एक खासनिसांकडे खीर घालून गेली,
ती तिकडचीच झाली.

जयवंत कधी काही बोलला नाही.
वीजबिल आलं की चष्मा काढायचा,
पुसायचा, परत लावायचा.
बावीस वर्षांच्या संसारात तेवढं ऐकू येतं.

मग मीच मला दंड लावला.
कोथरूड डेपोपासून घरापर्यंत पायी.
लक्ष्मी रोडला साडी बघायची,
घडी मोडायला सांगायची नाही.
चहा घरीच.
बेचाळीस हजार फिटेपर्यंत.

दुकानदाराला तर मी रोख दिले होते.
मग नऊ वर्षं
कुणाचे हप्ते भरत होते मी?

रविवारी कोंढव्याहून तन्झिला तांबोळी आली,
भावाचा छोटा हत्ती घेऊन.
चोवीस-पंचवीसची असेल. नखांत माती.
चादर काढली, झाकण उघडलं,
विहिरीत वाकून बघावं तसं डोकं आत घातलं.
"एक कॉइल गेलीये," आतूनच म्हणाली.
मी पंधरा सांगितले होते. ती नऊ म्हणाली.
माझ्या जिभेवर बेचाळीस येऊन बसले,
विटा रचाव्यात तसे.
तेवढ्यात तिनं विचारलं,
"काय काय काढलंत हिच्यातून?"
"सात वाट्या."
"म्हणजे चालत होती की!"

चालत होती.
हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलंच नव्हतं.
पडून आहे, म्हणायचो आम्ही. वाया गेली.

पहाटे पाचला पहिली वाटी बाहेर काढली होती,
फडक्यात धरून, अजून ऊन ऊन.
गार होताना तिची झिलई बारीक तडकत होती,
टिण्ण, टिण्ण,
आणि मी अनवाणी उभी राहून ऐकत होते,
दूधवाला बेल वाजवत होता तरी.

"नऊ," मी म्हणाले, "ने."

चौघांनी मिळून उतरवली.
वळणावर खासनिसांच्या दाराला ओरखडा गेला.
ते काही बोलले नाहीत.
बोलतील, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, लेखी.

"जुनी पावती असेल तर द्या," तन्झिला म्हणाली.
मी तो पांढरा कागद दिला.
तिनं उलटसुलट बघितला
आणि त्याच्यावर माझा फोन नंबर लिहून घेतला.
कॉइल बदलली की विचारायला लागेल, म्हणाली,
किती तापवायची, किती वेळ.

संध्याकाळी आम्ही दोघं पुलाखाली चहा प्यायलो.
बाहेरचा. दोन-दोन कप.
"सुटलीस का?" जयवंतनं विचारलं,
पहिल्यांदाच, नऊ वर्षांत.

काय सांगू?
आकडा अजून पाठ आहे,
आमच्या जुन्या लँडलाइनचा नंबर पाठ आहे तसा.
झोपेतून उठवून विचारा, सांगेन.
फिरवला तर
तिकडे आता कुणी उचलत नाही.