परिच्छेद तीन

परिच्छेद एक : नाकबूल.
परिच्छेद दोन : नाकबूल.
तिसऱ्यात बाईचं फक्त नाव, वय, टिमकीतला पत्ता.
तोही मजकूर खरा नाही, सबब नाकबूल.

अठरा वर्षं मी या कामगार न्यायालयात टंकलेखन करतो.
हा शब्द इतका बडवलाय
की कीबोर्डवरचा 'ल' पुसून गेलाय.

मे महिना. मेश्राम शिपाई कूलरमध्ये
दुसऱ्यांदा पाणी ओतून गेला होता.
फायलींनासुद्धा वाळ्याचा वास.
उर्मिला हेडाऊ बाकाच्या टोकाला,
डबा मांडीवर.
हिंगण्याच्या कारखान्यात अकरा वर्षं
बाटल्यांची झाकणं मोजली तिने,
अजून बोटं मोजतात, नुसतीच.

मॅडम वाचत होत्या. सातव्यावर थांबल्या.
"वकीलसाहेब, इथे लिहिलंय,
अर्जदार दारू पिऊन ट्रक चालवत होता.
कुठला ट्रक?"

वकिलांनी पान उलटलं. परत सुलटं केलं.
दुसऱ्याच कुणाच्या नोकरीवरून निघालेला ट्रक
हिच्या कैफियतीत येऊन उभा होता,
हॉर्नसुद्धा न वाजवता.

"टायपिंगची चूक, मॅडम. मुदत मिळावी."

"ही चौथी.
चौदा ठिकाणी नाही म्हणालात.
मग झालं काय, ते कुठाय?
कामावर नव्हत्या, तर हजेरीपटावर सही कुणाची?
स्वतः सोडून गेल्या, तर कोणत्या तारखेला?"

कूलर तेवढा बोलत राहिला.

मग माझ्याकडे न बघता : घ्या लिहून.
गैरअर्जदाराची कैफियत
खोडून टाकण्यात येते.

बोटं सवयीने आधी 'ना'वरच गेली.
मागे आलो. 'खो' उमटवला.

दाराशी तिने गाठलं.
"म्हंजे जितली का मी, दादा?"
नाही, बाई. त्यांचं नाही तेवढं गेलं.
तुमचं होय अजून शपथेवर सांगायचंय.
बावीस जून, अकरा वाजता.

तिने तळहातावर पेनाने बावीस लिहिलं,
घामात शाई जरा पसरली.
"अन् माह्यं नाव? ते तं खरं झालं ना?"

काय सांगणार होतो?
कायद्यात याला उत्तर असेल, मला ठाऊक नाही.
आत जाऊन रोजनामा काढला,
आजच्या तारखेखाली माझ्याच अक्षरात,
सकाळीच, कुणीही काही नाकारण्याआधी लिहिलेलं :
अर्जदार हजर.