हयातीचा दाखला

विडी घरकुलात आमच्या दाराला तीन कड्या.
पहिली अंबादासनं लावलेली, घराचे हप्ते फिटले तेव्हा.
दुसरी त्या वर्षीची, आम्ही गड्ड्यावर मौत का कुआँ बघत होतो
आणि इकडे मागच्या खिडकीचा गज कापून
कुणीतरी पितळी हंडा, जावयाची अंगठी
आणि पाच किलो शेंगाचटणी नेली.
चटणीचं पोलिसांनी लिहूनच घेतलं नाही.
मी दोनदा सांगितलं. उखळात कुटलेली होती ओ.
तिसरी अंबादास गेल्यावर मीच बसवली, वाकडी बसली.
वाकडी म्हणूनच ती परक्याच्या हाताला दाद देत नाही.
उचलायची, डावीकडे ओढायची, मग.

पैसे पूर्वी तंबाखूच्या डब्यात असायचे.
चोर हात घालील आणि शिंकेल,
हे माझ्या सासूचं शास्त्र.
आता पैसे फोनमध्ये आहेत म्हणे.
त्याला कडी कुठं लावायची, कुणी दाखवत नाही.

परवा दुपारी, ऊन असं
की कुत्री नळाच्या चिखलात पोट टेकून पडलेली,
सूप मांडीवर, साडेसहाशे विड्या झालेल्या,
फोन वाजला.
‘राजमणी चिलवेरी का? पीएफ ऑफिसातून बोलतोय.
तुमचा हयातीचा दाखला आला नाही.
रेकॉर्डला तुम्ही मयत दिसताय.’

मी सूप खाली ठेवलं.
नखाखाली पानाची हिरवी रेघ होती, ती बघितली.
मयताच्या नखाला असते का अशी?

‘घाबरू नका मावशी,
मोबाईलवर सहा आकडे येतील, तेवढे वाचून दाखवा.
जिवंत होऊन जाल.’

खरं सांगते, पहिला आकडा तोंडातून गेला.
चार.
अकराशे रुपये पेन्शन, त्यातच गॅस,
त्यातच गुडघ्याच्या गोळ्या.
भीती काय कडीनं थांबते होय?

मग तो म्हणाला,
‘पटपट बोला मावशी, लाईन मोठी आहे.’

आणि मी ओळखलं.
हा आवाज मी बत्तीस वर्षं ऐकला.
ब्रँचच्या खिडकीत बसून
हजारातल्या साठ-सत्तर चांगल्या विड्या
छाट म्हणून बाजूला काढणारा, बोटानं मोडणारा,
वर ‘पटपट, लाईन मोठी आहे’ म्हणणारा.
तोही मावशीच म्हणायचा.
त्याला कधी गज कापावा लागला नाही.
आम्हीच टोपली घेऊन जात होतो त्याच्याकडं.

दुसरा आकडा मी गिळला.
म्हटलं, ‘मेलेल्या बाईला फोन लावलास,
तिनं उचलला,
तुला भीती नाही वाटली रे?’

तो गप्प. त्याच्यामागं बरीच पोरं बोलालेली,
मावशी, काका, आजी,
एका शेडमध्ये माग चालावेत तशी.
कुणीतरी खोकलं.
मग काहीच नाही.

शेजारी अनसूयाला सांगायला धावले. मला वाटलं हसेल.
तिनं दार लावलं, आतून, आणि म्हणाली,
‘मी सहाच्या सहा सांगितले गं. सोमवारी.
पोराला बोलू नको.’
भाकरी तव्यावर करपली, दोघींनी होऊ दिली.
मग मीच तिचा फोन घेऊन एकोणीसशे तीस लावला.
पलीकडची पोरगी म्हणाली, उशीर झालाय, तरी बघू.
आणि लिहून घेतलं.
सगळं. अनसूयानं अडखळत सांगितलेलंसुद्धा.

शनिवारी दोघी बँकेत गेलो, खऱ्या दाखल्याला.
विड्या वळून वळून अंगठा गुळगुळीत,
मशीन तीनदा नाही म्हणालं.
साहेब म्हणाला, ‘आजी, ठसाच नाही तुम्हाला.’
‘आहे की ओ,’ म्हटलं, ‘जरा वाकडा आहे.’
उचलला, डावीकडे ओढला,
मग.