शून्य आणि रेघ

सकाळी आठला मावशी अंगणात जाते,
पर्जन्यमापकाचं नरसाळं काढते,
वाकून आत बघते.
कधी वाळू, कधी मेलेला पतंग,
बहुतेकदा नुसतं कोरडं बूड.
मग वहीत लिहिते: शून्य पूर्णांक शून्य.
टिंब जरा जोरात.

अटाकामाच्या या टोकाला,
जिथून मिठाचं पठार सुरू होतं,
एउलोखिया मावशी चोवीस वर्षांपूर्वी
हवामान खात्याच्या एका माणसाला
"बरं" म्हणाली होती.
तेवढंच. बरं.
तो माणूस केव्हाच बदलून गेला.
"बरं" मागे राहिलं.

मी अंतोफागास्ताला असते,
चष्म्याच्या दुकानात.
माझ्याकडे हुरूप येतो,
रविवारी रात्री, न कळवता,
हातात नवे बूट घेऊन.
बुधवारपर्यंत मुक्काम ठोकतो
आणि न सांगता निघून जातो.
बूट उरतात.
कपाटात आता तीन जोड आहेत.

जुलैत गेले होते तेव्हा विचारलं,
रोज उठून तेच, कंटाळा नाही येत?
"येतो की," म्हणाली,
"त्यालाही घेऊन जाते अंगणात.
दोघं मावतो."

कासिमिरो काका गेले त्या सकाळी
शेजारी खुर्च्या मांडत होते.
मावशी मधूनच उठली, काळ्या शालीत.
लोकांना वाटलं, रडायला गेली.
रडलीही असेल.
वहीत शून्य आहे.

एकदा खरंच पडला. तीन पूर्णांक दोन.
छपरातून माती गळाली,
लामा दोर तोडून पळाले,
पोरं तोंड वर करून ओरडत सुटली.
आकडा त्याच अक्षरात आहे.
शाई थोडी फुटलीय.

वही चाळताना मला ती सापडली.
बारा ऑगस्ट.
शून्य नाही, एक आडवी रेघ.

"ताप होता. उठवलं नाही."

मग शून्यच लिहायचं ना, मी म्हटलं,
आभाळ तर कोरडंच होतं,
कुणाला कळलं असतं?

नीट न विसळलेल्या कपाकडे बघते
तशी तिनं माझ्याकडे पाहिलं.
"शून्य म्हणजे मी पाहिलं, आणि काही नव्हतं.
रेघ म्हणजे मी पाहिलंच नाही."
आणि बटाटे सोलायला बसली.

तिच्या नकळत मी पुढची ओळ वाचली.
तेरा ऑगस्ट: शून्य पूर्णांक शून्य.
अक्षर किंचित थरथरलेलं.

परतीच्या बसमध्ये सात तास
खिडकीबाहेर काहीच नव्हतं,
आणि मी ते पाहत होते.
किती रेघांना मी
शून्य म्हणत आले इतकी वर्षं,
करून पाहिलं, काही झालं नाही, म्हणत.

आज गुरुवार आहे.
हुरूप कधीच गेलाय, ताट तसंच टाकून.
डाव्या बुटाची नाडी तुटली आहे.
गाठ मारते.
समुद्रापर्यंत जाऊन येते.