का बदललं?

जेल रोडवरच्या आमच्या दुकानात
तराजू येतात, खोटं बोलायला लागले की.
सियागंजचा हिंगवाला, मल्हारगंजचा सोनार,
तक्रार एकच: "भिया, दस ग्राम खा रहा है."

दुरुस्तीची सगळी विद्या
कुंदाकाकांच्या डायरीत, भालूच्या डोक्यात
आणि उरलेली कॅलेंडरच्या पाठीवर.

म्हणून रात्री, जेवणं आटपली की, हे लिहायला घेतलं.
एक पान म्हणजे एक फाइल,
नोटपॅडमध्येही उघडेल अशी.
डेटाबेस नाही. लॉगिन नाही. रंग दोन.
तीनशे ओळींच्या वर गेलं की मला
पोह्यांत शेव जास्त झाल्यासारखं होतं
(इंदुरात हे बोलू नये).

'जतन करा'च्या आधी मात्र एक चौकट ठेवली:
का बदललं?
ती रिकामी सोडून पुढे जाता येत नाही.
खाली गिट बसलंय, मुनीमासारखं,
खोडलेलंही वहीत धरून.

काका पहिल्या दिवशी चिडले. लिहिलं, "सांगितलं ना."
दुसऱ्या दिवशी, "आधी चुकलो होतो."
आठवड्याने, "चुकलो नव्हतो. हवा दमट होती."

एका दुपारी काकांनी आणि भालूने
एकाच ओळीवर दोन वेगळी वजनं लिहिली.
यंत्राने निवाडा केला नाही.
दोन्ही मांडली समोर,
मधे बरोबरच्या चिन्हांची भिंत.
मी चहा सांगितला.
दोघं एका बाकावर बसून, एकाच स्क्रीनकडे बघत
सहा वाजेपर्यंत भांडले.

मार्चमध्ये भालू पिथमपूरला कंपनीत लागला.
काका म्हणाले, त्याचं नाव काढून टाक सगळीकडून.
मी म्हटलं, तसं बटणच नाहीये.
बटण नाही हे खरं.
आज्ञा आहे, लांबलचक, मला पाठ आहे.
ते मी बोलले नाही.

परवा एक जुना काटा आला, शून्यावर न थांबणारा.
काकांनी पान उघडलं.
ओळीच्या कडेला, कोणी आणि कधी:
"शेवटचा अर्धा फेरा हातानेच.
भालचंद्र, सतरा ऑगस्ट."

काकांनी पाना खाली ठेवला.
बोटांनी स्क्रू फिरवला.
मग बराच वेळ की-बोर्डाशी काहीतरी करत बसले.

रात्री मी इतिहास उघडला.
अक्षर एकही हललेलं नाही.
एक स्वल्पविराम तेवढा जास्त, नको तिथे,
आणि चौकटीत:
"बरोबर आहे."