देठ

पाळक नाथानिएल वसावे म्हणाले,
"रेबेकाताई, शेवटची प्रार्थना आज तुम्ही करा."
मी उठले. पदर डोक्यावर घेतला.
"हे प्रेमळ पित्या" इथवर आले
आणि पुढे पायरीच नव्हती.
पंखा करकरत होता. कोणाचं तरी बाळ अंगठा चोखत होतं.
मग मागून कोणीतरी आमेन म्हणालं,
कीव आल्यासारखं.

खरं सांगू, काही घडलेलं नव्हतं.
घरात कोणी मेलं नव्हतं.
नवरा सुरतेहून महिन्याच्या महिन्याला पैसे धाडतो,
पोरगी नववीत, गणितात बरी.
मोठं दुःख असतं तर त्याच्यापुढे रडगाणं तरी मांडलं असतं.
हे म्हणजे बॅटरीतले सेल उतरावेत तसं,
नेमकं कोणत्या रात्री ते कळत नाही.

बुधवारी उपास केला, भूकच लक्षात राहिली.
पहाटे चारला गुडघे टेकले,
तर डब्यातल्या पिठाचा हिशेब सुरू.
बापाची वही काढली.
बाप घरात मावची बोलायचा,
देवाशी मात्र मास्तरांच्या मराठीत.
लहानपणी मला वाटायचं,
देव नंदुरबारचा तहसीलदार असेल,
अर्ज शुद्ध नसला तर परत येतो.

जानेवारीपासून मी मिरचीच्या पथारीवर जाते.
नजर टेकावी तिथे लाल.
किलोवर मजुरी, देठ खुडायचे.
पहिल्या तासाला नखं, दुसऱ्याला बोटं,
दुपारपर्यंत मनगटात विस्तव.
इथे हात जोडून कपाळाला लावता येत नाहीत.
डोळे मिटले की पाणी येतं,
पण पश्चात्तापाशी त्याचा काही संबंध नसतो.

शेजारी गोजराबाई बसते.
एकदा म्हणाली, "कसाले तोंड पाडी बठनी व?"
म्हटलं, "प्रार्थना येत नाही."
ती हसली, ठसका लागेपर्यंत हसली.
"मन्ही कानबाईले मी काय भाषण देस का?
नाव लेस, मंग देठ खुडस."

मला ते पटलं नाही.
आमच्यात असं चालत नाही,
आमच्यात मन ओतावं लागतं.
पण ओतायला भांड्यात काही हवं ना.

तर दुपारच्या पोत्याला मी सुरू केलं.
एक देठ, येसुदासचा खोकला.
एक देठ, सुरत, तिसरा मजला, यंत्राचा पट्टा.
एक देठ, पाळकांची बायको, जी कोणाशीच बोलत नाही.
एक देठ, गोजराबाईचा मोतीबिंदू
(तिला न विचारता).
एक देठ, मुकादम. हा जड गेला,
अर्धा तुटून मिरचीतच राहिला.
विनंती नाही, वाक्य नाही,
"हे पित्या"सुद्धा नाही.
नुसतं नाव, आणि कट्.

काही जाणवलं का? नाही.
वारा फिरला, तिखट उडालं,
ओळीतल्या साऱ्या बायका एकदम खोकल्या.
त्याला कोणी उपासना म्हटलं असतं
तर त्या दिवशी मी भांडले नसते.

रविवारी अजून मागच्या सतरंजीवरच बसते.
पाळकांची नजर माझ्याकडे आली
की चपलांकडे बघते.

संध्याकाळी हात ताकात बुडवून बसायचं.
डोळ्यात काहीतरी गेलेलं असतं
आणि पुसायला हात नसतात.
शलोमी येते, ओढणीचं टोक ओलं करते,
आधी एक डोळा टिपते, मग दुसरा.
विचारते, "आज किती झाले?"
मी म्हणते, "चौदा किलो."

नावांचं तिला सांगत नाही.
तिचं रोज पहिलं असतं,
पहिल्या देठाला,
हात अजून थंड असताना.