सुटे पैसे

वेबिल बंद केल्याशिवाय फेरी संपत नाही,
असा आमच्या डेपोचा नियम आहे.
गाडी तर तवंदीच्या घाटापलीकडं उभी आहे अजून,
टायर नसलेली,
आणि तिच्यावर नेमलेला पोलीस
काडी ओढायची झाली
की उठून पार ऊसापर्यंत जातो.

दरवेळी डांबर असायचं.
पाटीवरची अक्षरं काळी करायचे,
कधी ह्या बाजूचे, कधी त्या.
दस्तगीर ड्रायव्हर रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचा, म्हणायचा,
झालं, गाडीला तीट लागली, आता दृष्ट न्हाई.
या वेळी बाटली होती.
मागच्या काचेतून आली.

दोन्हीकडचे पेपर टेबलावर पडलेत माझ्या.
एकात मेलेले सगळे आपले.
दुसऱ्यातही मेलेले सगळे आपले.
बेरीज केली तर अठरा होतात.
शवागारात नऊ.
माझ्या कागदावर आठ:
वर दस्तगीर मुल्लाचं नाव आणि बिल्ला नंबर,
खाली सात तिकिटं.

आई विड्या वळायची निपाणीत.
पंचवीसच्या जुडीत एक कमी निघाली
की कारकून अख्खी टोपली परत सारायचा.
मोजणं मी तिथंच शिकले.

भरमाप्पा मगदूम, कंडक्टर,
तिसऱ्या दिवशी आला.
दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले,
पिशवी गळ्यातच.
काढायला कुणाला सांगितलंच नव्हतं.
म्हणाला, बाई, तिकिटं सव्वीस. माणसं सत्तावीस.
मी म्हटलं, हळू. कंट्रोलर बाहेर आहे.
बिगरतिकीट प्रवासी नेला म्हणून
मागच्याच महिन्यात एकाला घरी बसवलं होतं.

कणगल्याची गंगव्वा. मांडीवर पोर.
अण्णा, पाच सरली न्हाईत अजून त्येची.
ह्यानं पोराला तोंड उघडायला लावलं.
पुढचा दात पडलेला.
किती रे वय तुझं?
पोर म्हणालं, आरु.
आईनं मराठीत लपवलेलं
त्यानं कन्नडात सांगून टाकलं.
तिनं चिमटा काढला, गाडी हसली,
दस्तगीरही आरशात हसला म्हणे,
आणि ह्यानं पंच खिशात टाकला.
पुढं चढ लागला.

त्या दाताच्या फटीवरूनच ओळखलं पुढं.

बेळगावच्या सिव्हिलमध्ये
गंगव्वासमोर फॉर्म धरून साहेब उभे होते.
नाव? सत्याप्पा.
वय?
पाच, म्हणाली.
साहेबांनी पुन्हा विचारलं.
पाचच.
आणि मग, तिकीट कुठाय म्हटल्यावर,
दंड किती हाय ते सांगा, भरते.

भरमाप्पा बोलत होता आणि मी गठ्ठा बघत होते.
त्यानं फाडलेल्या शेवटच्या तिकिटानंतरचा नंबर
तसाच होता, कोरा, पुढचा.
कुणी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं
मला माहीत नाही.
नोकरीला लागताना शपथ घेतली होती, तीही कन्नडात,
उच्चार चुकू नये म्हणून पाठ करून.

तो म्हणाला, पंच मला धरता येत न्हाई.
मी धरला.
निपाणी ते कणगला. अर्धं. एक रुपया साठ.
भोक पाडल्यावर तो गोल तुकडा
टेबलावर पडला, मग पंख्यानं कुठं गेला दिसलं नाही.

पर्समध्ये दोनची नोट होती, ती पेटीत टाकली.
सुटे नव्हते. त्याच्या पिशवीत होते,
पण नाणी एकमेकांना चिकटली होती.
तेव्हा तिकीट उलटं केलं
आणि मागं, भरमाप्पा लिहायचा तसंच,
पेन्सिलीनं लिहिलं:
चाळीस पैसे देणे.